सत्याप्पाण्णाची रिकामी वाट

“वाट सोड! पोरी, वाट सोड म्हंतोय न्हवं!”

सत्याप्पाण्णा वरडत हुता आन मी वाटंच्या बरोब्बर मदी हुबी. एका हातात बांगड्यांची पुडी, दुसऱ्या हातात चिरमुऱ्याची पिशवी, आन समोरनं आमचीच गाडी येतीया, आमचंच बैल, शेपट्या वर करून, डोळं पांढरं करून. गाडीवर कासरा धरायला कोन न्हाय. आन गाडीच्या बुडाखाली झोळी, झोळीत माझी तानी, सा म्हयन्याची, झोळी हिकडनं तिकडं असं हेलकावं खातीया. मला सगळं दिसत हुतं. बैलाच्या नाकातली येसन सुदीक दिसत हुती. माझं पाय तेवढं मला घावंनात, कुठं गेलतं कुनाला ठावं.

त्या टायमाला मी काय केलं ते सांगते, पन आदी सत्याप्पाण्णा कोन ते सांगाय पायजे, न्हायतर तुमी मला बोल लावशीला. तुमी त्याला बगितलं न्हाय न्हवं.

माझं म्हायेर हिंडलग्याचं. दुसरी पास झाले आन तिसरीच्या आदी लगीन झालं, म्हनून मला ल्ह्यायला वाचाय येतंय ते अर्दंच. सासर निपाणीच्या अंगाला. गावाभायेरच्या माळावर दर साली लक्ष्मीची जत्रा भरती, आन धा गावच्या गाड्या त्या माळावर सुटत्यात. ह्या गाडीतळाचा राजा सत्याप्पाण्णा. कुनी नेमला न्हवता, कुनी काढला बी न्हवता. आदी निपाणीस्नं तंबाकूच्या, गुळाच्या गाड्या घाटाखाली न्यायचा, मग डावा पाय अधू झाला तवापासनं जत्रंच्या गाड्या लावायचा.

नवी नवरी म्हनून पैल्यांदा जत्रंला गेलते, तवा तळाच्या तोंडाला ह्यो म्हातारा आडवा आला आन हात पसरून हुबारला. “आन हिकडं,” म्हनला. मला वाटलं भिकारी हाय. मी पदराआडनं एक भाकरी काडली आन त्याच्या हातावर ठेवली. त्यानं भाकरीकडं बगितलं, माझ्याकडं बगितलं, तितंच हुबारून सगळी भाकरी खाल्ली, हात झाडला, आन परत पसरला. “भाकरी चांगली हाय गं पोरी. आता शिवळ आन.”

शिवळ म्हंजे जुवातली लाकडी खुट्टी. ती नसली तर बैल जुवात ऱ्हात न्हाय, आन बैल जुवात न्हाय तर गाडी तिथंच. सत्याप्पाण्णा येनाऱ्या दर गाडीची एक शिवळ काडून घ्यायचा आन तळावरच्या चिच्चंला टांगायचा. दुपारपातूर चिच्चंला चिच्चंपरास शिवळीच जास्त लागलेल्या. सांजच्याला ज्याची पाळी त्याला बलवून शिवळ द्यायचा, एका मागनं एक, म्हंजे सगळी एकदम जुंपून एकमेकांच्या चाकात चाक घालून बसायची न्हाईत. “जत्रंला येतानं मानूस देवीचं आस्तंय,” म्हनायचा, “जातानं घाईचं आस्तंय. देवीचं मी काय बगत न्हाय, तिला पुजारी हाय. घाईचं मी बगतो.”

कुनाची शिवळ कुठली ह्ये त्याला खुनंची रेग न वडता कळायचं. एकदा आमच्या भावकीतल्या पोरांनी गंमत म्हनून दोन शिवळी आदलाबदल केल्या. आण्णानं हातात घेऊन फिरीवली, आन म्हनला, “ही तुझी न्हवं. तुझी डाव्या अंगाला घासलीया. तुझा डावा बैल एकटाच वडतोय, त्याला चार दिस इसावा दे, आन मग माझ्यासंगं मस्करी कर.” ते पोरगं घरी जाऊन बैलाचा खांदा बगतंय तर खरंच सुजलेला.

गाडीचं तोंड रिकाम्या वाटंकडं पायजे, चाकाला म्होरनं मागनं दगूड पायजे, ह्ये त्याचं कायदं. आन सगळ्यात मोटा कायदा म्हंजे ती रिकामी वाट. सगळ्या गाड्यांच्या मदनं तीन गाड्या मावतील एवडी रुंद वाट तो मोकळी ठेवायचा. राखंनं दोन्ही अंगाला रेगा वडायचा, आन ती वाट तळातनं सरळ पाटलाच्या नांगरलेल्या रानात जायची. गाड्यांस्नी जागा पुरायची न्हाय, लोकं भांडायची, पन त्या वाटंत कुनाला चाक ठेवू द्यायचा न्हाय. खुद्द पाटलाची गाडी आली तरी न्हाय.

“एवडी जागा कुनासाठी ठेवलीया सत्याप्पा? तुझ्या लग्नाला?”

“व्हय. नवरी येनार हाय.”

“कवा?”

“ती काय सांगून येती व्हय? आली का कळंल.”

पायाचं इचारलं तर दर येळी येगळं सांगायचा. कुनाला म्हनायचा बायकूनं लाथ घातली, कुनाला म्हनायचा देवाला येक पाय नवसाला दिला, परत घ्यायचा ऱ्हायलाय.

तर त्या साली जत्रंला पैल्यांदा मोटार आली. बेळगावासनं, मान्सं भरून, धुराळा उडवत. समदी जत्रा देवीला सोडून मोटारीकडं पळाली. आण्णा तसाच लंगडत म्होरं गेला आन डायवराच्या म्होरं हात पसारला.

“शिवळ आन.”

डायवर हसाय लागला. “अज्जा, ही मोटार हाय. हिला शिवळ नस्ती.”

“मग बैल?”

“बैल बी नस्तात.”

“मग चालू कशानं हुतीया?”

“हँडल मारून.”

“मग हँडल आन.”

डायवरनं कानडीत चार शिव्या घातल्या. आण्णानं कानडीतच पाच परत केल्या. भवतीनं शंबर मान्सं, सगळी आण्णाच्या अंगानं, कारन सगळ्यांच्याच शिवळी झाडाला. डायवरनं हँडल दिलं. शिवळींच्या मदी ते काळं वाकडं हँडल टांगलं तवा ते झाड बगाय बी गर्दी झाली.

आता माझी चूक. गाडी जुवावर टेकली का मागचं बूड वर हुतंय आन खाली झ्याक सावली पडती. आमच्यातल्या सगळ्या बाया तितंच झोळी बांदत्यात. मी बी बांदली, ऊन लागू ने म्हनून मागनं गोधडी सोडली, तानीला निजवली. आण्णा रेगा वडत आला, वाकून बगितलं.

“पोरी, गाडीखाली नगं. झाडाला बांद.”

“झाडाला मुंग्या हाईत आण्णा.”

“मुंगी चावली तर रडंल. चाक गेलं तर रडायची बी न्हाय.”

असं वंगाळ बोलला म्हनून माझी सासू त्याच्या अंगावर गेली. “जिभंला हाड न्हाय मेल्याच्या! सनासुदीचं काय बोलतोय!” मला बी राग आला. आन खरं सांगू? मी मनात म्हनले, शिवळ ह्याच्यापाशी झाडाला हाय, गाडी जाती कुठं? त्याच्याच कायद्याच्या भरोशावर मी त्याचं ऐकलं न्हाय. “आत्ती, पोरीकडं बगा,” सासूला म्हनले आन बांगड्या भराय गेले.

आत्ती चाकाला टेकून बसल्या. मग त्यास्नी वाटलं, मोटार एवडी आलीया तर जरा बगून यावं. तान्ही निजलीया, ती काय पळून जातीया?

तेवड्यात आमचं मालक आलं. त्यास्नी दर साली समद्यांच्या मागनं घरी जायचा वीट आलता, उशीर झाला का म्हस पान्हा चोरती म्हनायचं. म्हनून त्यांनी घरात बसून गुमान बाभळीची दुसरी शिवळ तासलीवती आन कडब्याच्या पेंडीत खुपसून आनलीवती. मला ठाव न्हाय, आत्तीस्नी ठाव न्हाय. त्यांनी दगूड काडलं, जू उचाललं, बैल जुंपलं. झोळी गोधडीच्या आड, पोरगी माझ्यासंगं गेली असंल असं त्यास्नी वाटलं. पेंडी उचलाय मागं वळलं.

आन तिकडं डायवरला बी घाईच. हँडल दे म्हनून आण्णाच्या मागं लागलेला, आण्णा म्हनला तुझा नंबर लांब हाय, म्हनून ह्यो मोटारीत जाऊन बसला आन पोंगा दाबला. पैल्या पोंग्याला बैलांनी कान टवकारलं. दुसऱ्याला उधळलं. मालकांच्या हातात कासरा न्हवता, कडब्याची पेंडी हुती.

गाडीचं तोंड रिकाम्या वाटंकडं, म्हनून गाडी सरळ त्या वाटंत घुसली. आन त्या वाटंनं मी येत हुते.

आण्णा पल्याडनं लंगडत पळतोय. “वाट सोड! मदी आलीस तर बैल आडवं घुसतील, गाडी पालती हुईल! सोड!”

मी सोडली.

मी बाजूला सरले. झोळी माझ्याफुडनं हातभर अंतरावरनं गेली, मी हात लांब केला न्हाय. गोधडीचं टोक माझ्या तोंडाला लागलं. मग मी खाली बसले आन डोळं झाकलं, एवडंच.

गाडी तळातनं एका चाकाला न शिवता निगाली आन पाटलाच्या नांगरलेल्या रानात शिरली. ढेकळात चाकं आदी वीतभर रुतली, मग गुडघाभर. बैल वडून वडून दमलं आन आपनहून हुबारलं. मी पोचले तवा एक बैल रवंथ करत हुता, आपलं काय घडलंच न्हाय असा.

आण्णा आदी पोचलेला. त्यानं पैलं चाकाला ढेकूळ लावलं, मग बैल सोडलं, आन मग गाडीखाली वाकला. मी वरडले, “आदी पोरगी काडा!” तर म्हनला, “आदी गाडी.” मग तानीला भायेर काडली. सगळी पांढरीफट, पापन्यांवर सुदीक माती. डोळं उगडं. हलंना. मग नाक वाकडं केलं आन शिंकली.

माझी सासू मागनं धापा टाकत आली आन पैला शबुद काय बोलली? “शिंकली बाई! आता लगीच निगू नगा कुनी, अपशकुन हाय!”

आण्णा म्हनला, “ह्या म्हातारीला फुडल्या साली माझ्यापाशी ठेवा रं. मला धा वर्सांत जमलं न्हाय ते हिनं एका शबदात केलं.”

मालक रानाच्या बांदावर पेंडी उरी धरून रडत हुतं. आण्णानं जुवातनं ती बाभळीची शिवळ काडली, उलटीपालटी बगितली. “झ्याक तासलीया. सुतारकाम जमंल तुला.” ती शिवळ नेऊन झाडाला सगळ्यात वर टांगली, ती परत दिलीच न्हाय. पाटील म्हनला, “सत्याप्पा, आली व्हय रं तुझी नवरी?” तर म्हनला, “आली की. नवरीची आय भ्याली तेवडी.” मग डायवरकडं जाऊन म्हनला, “माझी बी चूक हाय. हँडल घेतलं आन पोंगा तुझ्यापाशी ठेवला. फुडल्या साली पैला पोंगा.” आन खरंच, फुडल्या साली त्यानं पोंगा काडून घेतला. रबराचा हुता, निगायचा.

हसत्यात लोकं अजून. पन वड्यावर धुनं धुताना बाया हसत न्हवत्या. “आय असून बाजूला सरली गं.” “मी असते तर बैलाच्या शिंगाला लोंबाकळले असते.” आत्ती तर मोटार बगाय गेलेल्या, त्या सुदीक म्हनाय लागल्या. मला जेवान जाईना. दूद आटलं. शेवटी एक दिस भाकरी बांदून आण्णाच्या घरी गेले.

आण्णा भाकरी खातानं म्हनला, “पायाचं खरं सांगू? घाटात बैल उधळलं. गाडीत गुळाच्या ढेपा. मी म्होरं जाऊन हुबारलो. बैल बिचाकलं, आडवं घुसलं, गाडी पालती झाली. पाय गेला, एक बैल गेला, आन गूळ समदा नाल्यात. मुंग्यांची जत्रा झाली. मी गुळासाठी हुबारलो गं. तू पोटच्या पोरीसाठी हुबारली न्हाईस, म्हनून पोरगी हाय.”

मी म्हनले, “आण्णा, तुमचं ऐकून सरले का जिवाला भिऊन सरले, माझं मलाच ठावं न्हाय.”

त्यानं तंबाकू मळून गालात धरली. “बैलाला काय ठावं, तू कशानं सरलीस? त्याला वाट मिळाली.”

ह्या पुसाच्या म्हयन्यात आण्णा गेला. जत्रा आता आलीच. ह्या साली शिवळी आमचं मालक गोळा करनार हाईत, लोकांनीच सांगितलंय. ते म्हंत्यात, शिवळ घ्यायच्या आदी दर गाडीखाली हात घालून बगनार. राखंची पाटी त्यांनी कालच भरून ठेवलीया. तानी आता पळती, माझ्या हातात ऱ्हात न्हाय.

आण्णानं सांगितलं ते बैलाचं. बैलाला ठावं न्हाय, बरं. पन मला ठावं व्हाय नगं? म्हनून तुमास्नी इचारते, खरं सांगा, वड्यावरच्या बायांगत सांगू नगा. वाटंत तुमी हुबं. हातात बांगड्या. समोरनं बैल, बैलामागं गाडी, गाडीखाली तुमची तान्ही, आन एक लंगडा म्हातारा वरडतोय सोड म्हनून. तुमी काय केलं असतं?