दाताच्या दवाखान्यातला समुद्र

टाकीच्या काठावर मिठाचा पापुद्रा जमतो. मी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसते, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर! आमच्याकडचे किस्सेही असेच जमत गेले.

मी नाशिक रोडला एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. आमच्या डॉक्टर मॅडमना समुद्राचं भारी वेड. वेटिंग रूममध्ये त्यांनी खाऱ्या पाण्यातल्या माशांची भिंतभर टाकी बसवलीय. दुपारी पडदे ओढले की सगळी खोली निळी होते. दाढ धरून आलेली माणसं हळूहळू गाल सोडतात, बोलायची थांबतात. नाव पुकारलं तरी उठत नाहीत!

*

त्र्यंबकेश्वरचे एक गुरुजी टाकीसमोर बराच वेळ हात जोडून उभे होते. मग पिशवीतून तांब्या काढला. "ताई, यात थोडं गोदावरीचं पाणी घालू?"

"नको हो गुरुजी! हे समुद्रातले मासे. गोडं पाणी सोसत नाही त्यांना."

गुरुजींनी तांब्या मागे घेतला. "राहू दे मग. गोदामाई जाईल समुद्राला, तेव्हा भेटेल यांच्या गोतावळ्याला."

*

आमचा फुगामासा एरवी लिंबाएवढा. एकदा कशाने तरी दचकला आणि टम्म फुगला! समोर एक शिक्षिका सुजलेल्या गालावर रुमाल धरून बसल्या होत्या. त्याच्याकडे मायेने बघत म्हणाल्या, "याला आधी घ्या. मी थांबते."

*

मॅडम इंजेक्शन देताना अंदमानच्या गोष्टी सांगतात. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो, ते पोटातून बारीक होऊन बाहेर पडतं, आणि तीच किनाऱ्याची पांढरीशुभ्र वाळू होते!

नुकतीच अंदमानहून हनिमून करून आलेली पेशंट ताडकन उठून बसली. "मॅडम! आम्ही त्या वाळूत बदाम काढून नावं लिहिलीत!"

*

काउंटरवरच्या छोट्या टाकीत समुद्रघोडे आहेत. त्यांच्यात पिल्लं नर वाढवतो, पोटावरच्या पिशवीत. एक गरोदर मुलगी हे ऐकून काचेला नाक लावून बसली. नर शेपटीने काडी धरून संथ झुलत होता. तिचा नवरा शेजारी मोबाइलमध्ये.

"ताई, याचे डोहाळे कोण पुरवतं?"

नवऱ्याने मोबाइल खिशात टाकला. "काय खायचंय तुला?"

*

आणि देवळ्याचे आबा! कांद्याची शेती, आवाज दणदणीत. दाढेत पू झालेला, जबडा सुजलेला, अंगात ताप. "आज काढायलाच हवी, नाहीतर जिवावर बेतेल," मॅडम म्हणाल्या. आबा खुर्चीतून उठून सरळ बाहेर. "मेलो तरी चालंल, पण तोंडात हत्यार नाय!" त्यांची बायको रडकुंडीला आली.

नंतर दाढ निघाली, ताप उतरला, नातीच्या लग्नात आबांनी जिलेबीही खाल्ली. पण त्या दुपारी ते टाकीसमोर येऊन बसले, तेव्हा ठिपक्यांचा मोठा मासा जबडा वासून थांबला होता. बोटाएवढा निळा मासा आला आणि थेट त्याच्या तोंडात शिरला.

"गिळला!" आबा ओरडले.

"नाही आबा, तो त्याचं तोंड साफ करतो. बघा तरी."

निळा मासा कल्ल्यातून बाहेर आला, पुन्हा आत गेला. मोठा मासा उघड्या डोळ्यांनी झोपल्यासारखा नुसता तरंगत राहिला. बघता बघता आबांचाही श्वास संथ झाला.

मग ते गुपचूप आत गेले, खुर्चीत आडवे झाले आणि दोन्ही हात पसरले.

"या मॅडम, आत या. मी बी नाय गिळणार!"