पत्र परत घेण्याचे तीन रविवार

दादा गेला त्या सकाळी पहिला फोन आला तो सेक्रेटरींचा. डॉक्टरांची सही अजून व्हायची होती. बदलापूरला, कात्रपच्या माझ्या घरात दादा त्याच्या पलंगावर तसाच होता, आणि हे गृहस्थ फोनवर विचारत होते, "ताई, पेटी चर्चमध्ये किती वाजता आणताय? सगळी मंडळी तयार आहे." कुठली मंडळी हो? अंबरनाथच्या ज्या लुथरन चर्चमध्ये दादानं बावीस वर्षं पाळक म्हणून उपासना घेतली, आणि ज्याच्या वेदीची पायरी शेवटचं दीड वर्ष त्याला चढू दिली नाही, तीच ना? त्यांना मी जे बोलले ते रविवारच्या पुरवणीत छापण्यासारखं नाही. पेटी मी चर्चमध्ये नेलीच नाही. घरून थेट दफनभूमीत नेली, आणि दुसऱ्या चर्चच्या एका म्हाताऱ्या पाळकांनी प्रार्थना केली.

आता दोन महिने व्हायला आले. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मन मऊ होतं म्हणतात. माझं झालेलं नाही. दादा शांत होता, क्षमाशील होता, सगळं खरं आहे, पण हे लिहितेय मी, आणि मी तशी नाही. लहानपणी कोणी त्याची पेन्सिल घेतली तर तो दुसरी शोधायचा, आणि मी घेणाऱ्याच्या घरी जायचे.

आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. वडील अंबरनाथला फॅक्टरीत लागले आणि आम्ही इथलेच झालो. शेजारी सगळी तेलुगू कुटुंबं, त्यांचं छोटंसं लुथरन चर्च, दादा तिथं आधी पेटी वाजवायला जायला लागला, मग तिथल्याच मुलीशी लग्न केलं, मग आंध्रात जाऊन पाळकाचं शिक्षण घेऊन आला. वहिनी लवकर गेली, मूलबाळ नाही, मग चर्च हेच त्याचं घर. तेलुगू बायका त्याला मानानं 'अय्यागारू' म्हणायच्या, आजूबाजूचे लोक 'फादर' म्हणायचे, आणि तो सगळ्यांना ओ द्यायचा. त्याची एक सवय सांगते. चर्चमध्ये लग्न ठरलं की आधी तीन रविवार त्याची सूचना वाचतात. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, कोणाला हरकत असेल तर आत्ताच सांगा. बाकीचे पाळक हे वाक्य गाडी सुटल्यासारखं म्हणून मोकळे होतात. दादा वाचून झालं की चष्मा काढायचा आणि अख्खं मिनिट थांबायचा. पोरंटोरं खुसखुसायची. मी एकदा म्हटलं, "अरे, कोण उठणार आहे? उगाच कशाला ताटकळत ठेवतोस?" तर म्हणाला, "सुशे, विचारलंय तर ऐकायला थांबायला नको का?" बावीस वर्षांत एकही माणूस उठला नाही. तरी हा थांबायचा.

मग लग्नांच्या कायद्याची बोलणी सुरू झाली. धर्म बदलून लग्न करायचं तर आधी सरकारला कळवा, बदलून देणाऱ्यालाही जबाबदार धरणार, या राज्यात झालं, आपल्याकडेही होणार… मोबाईलवर रोज एक नवा मेसेज. पाळकांची एक बैठक भरली. दादा परत आला तो सरळ माझ्याकडे, बदलापूरला. अर्धे पाळक म्हणे, मिश्र लग्नाला आपण हातच लावायचा नाही, पोरांनी कुठंही जावं. उरलेले म्हणे, कायदा अंगावर यायच्या आत पटापट बाप्तिस्मे उरकून घ्या. "आणि तू काय म्हणालास?" मी विचारलं. "मी म्हणालो, आपल्या लुथरन लोकांना घाबरायचं कारणच नाही. लग्न ही जगातली गोष्ट आहे, सरकारच्या दप्तरातली, असं आपल्याकडे पहिल्यापासून मानतात. पोरांनी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करावी, तिथं कोणाला धर्म सोडावा लागत नाही. मग आमच्या दारात यावं. आम्ही प्रार्थना करू, आशीर्वाद देऊ. दप्तर त्यांचं, आशीर्वाद आमचा." मी म्हटलं, "मग टाळ्या पडल्या असतील." तो हसला. "चहा आला, सुशे. सगळे चहाकडे गेले."

याच सुमाराला आमच्या चर्चच्या सेक्रेटरींच्या मुलीचं जुळलं. नाव छापायचं नाही असं ठरलंय, म्हणून मी त्यांना सेक्रेटरीच म्हणणार. राहणार विठ्ठलवाडी, चर्चच्या कमिटीत पंधरा वर्षं, आवाज असा की माईक नको. मुलगी एस्तेर, गुणी पोर. मुलगा निलेश, कुळगावचा आगरी, तिच्याच ऑफिसातला. सेक्रेटरींनी आधी घर डोक्यावर घेतलं, मग मुलगी ऐकत नाही म्हटल्यावर वेगळीच शक्कल काढली. चर्चच्या नियमात दोघांचा बाप्तिस्मा झालेला हवा, तर निलेशचा बाप्तिस्मा झालाय असं दाखवायचं. तेही मागच्या वर्षीच्या तारखेनं, म्हणजे नव्या कायद्याची भानगड नको. निलेशला विचारलंही नव्हतं! उल्हासनगरच्या सिंधी दुकानदाराकडून गाऊनचं कापड आलं होतं, पत्रिका छापायला गेल्या होत्या. फॉर्म स्वतःच्या हातानं भरून, निलेशचं नाव 'नोएल' करून, ते दादाकडे घेऊन आले. "अय्यागारू, फक्त एक सही."

दादानं तो कागद वाचला आणि विचारलं, "निलेशला माहीत आहे?"

"नंतर सांगू ना. एक पाणी तर टाकायचंय."

"न टाकलेलं पाणी मी टाकलं म्हणून लिहू?"

सही झाली नाही. उलट दुसऱ्या दिवशी दादा कुळगावला निलेशच्या घरी गेला, मीही सोबत होते. त्याच्या आईनं पाण्याआधीच सांगून टाकलं, "फादर, आमचे पोराचा नाव बदलाचा नाय. बाकी तुमी काय बोलाल ता मान्य." दादा म्हणाला, "आई, नाव बदलायचं नाही, धर्म बदलायचा नाही. दोघांनी ठाण्याला नोंदणीचा अर्ज करायचा, महिनाभर थांबायचं, मग लग्न."  ती माउली आत जाऊन तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी घेऊन आली, आणि बैठक संपली.

नोंदणी झाली. त्याच संध्याकाळी दोघं चर्चमध्ये आले, दादानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. झगा नाही, फुलं नाहीत, पाच-सात माणसं. एस्तेरच्या अंगावर साधी पिवळी साडी. सेक्रेटरी आले नाहीत. त्यांचं पत्र मात्र गेलं, बिशपच्या ऑफिसला. त्यात काय लिहिलं होतं माहीत आहे? की पाळकांनी मागच्या तारखेचा खोटा बाप्तिस्मा द्यायची तयारी दाखवली. की मी, सेक्रेटरी, त्यांना अडवलं, म्हणून त्यांनी माझ्या मुलीला फूस लावून परस्पर लग्न लावलं. की अशा माणसामुळे नव्या कायद्यात सगळी मंडळी आत जाईल. स्वतःचं पाप उचलून दादाच्या अंगावर टाकलं, अगदी घडी घालून! बिशपच्या ऑफिसातून दादाला कोणी विचारलं नाही, बोलावलं नाही. कायद्याच्या नावानं सगळ्यांची गाळण उडालेली. चौकशी होईपर्यंत निलंबित, असं पत्र आलं आणि ते सेक्रेटरींनीच भर उपासनेत वाचलं. चौकशी कधी झालीच नाही. दादा पाळकांचं घर सोडून माझ्याकडे राहायला आला, दोन ट्रंका आणि वाजवायची पेटी घेऊन.

माझ्या घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं तो फॉर्म मला दाखवला. सेक्रेटरींचं अक्षर, 'नोएल', मागची तारीख, सहीची जागा कोरी. मी उडालेच. "दादा, हा दाखव की! एका दिवसात त्यांची जिरते." तो म्हणाला, "दाखवला तर उद्या पोलीस त्यांच्या दारात. एस्तेरच्या बापाला आत घालायचं काम माझं नाही. मी आहे तोवर हा कागद बाहेर काढायचा नाही, सुशे. शब्द दे." दिला. काय करणार! मग दीड वर्ष मी बघितलं. रविवारी सकाळी हा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या हॉलमध्ये बसायचा, कुठं जायचं नसताना. आधी रक्तदाब, मग हृदय. डॉक्टर म्हणाले वय झालं. मला विचाराल तर दादाला त्या पत्रानं खाल्लं.

मी शब्द पाळला. तो असेपर्यंत.

महिना झाल्यावर चर्चनं स्मरणाची उपासना ठेवली. संगमरवराची पाटी तयार, 'आमचे प्रिय पाळक' म्हणून, आणि ती भिंतीवर लावायची सूचना वाचायला उभे कोण, तर सेक्रेटरी. आवाज अगदी भरून आलेला! वाचून झालं, सवयीनं म्हणाले, "कोणाची हरकत नसेल तर…"

मी उठले. "माझी आहे."

अख्खं चर्च वळून बघायला लागलं. मी पुढे गेले, पर्समधून फॉर्मची झेरॉक्स काढली आणि त्यांच्या हातात दिली. अक्षर ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. माईकपासून तोंड बाजूला करून म्हणाले, "ताई, इथं नको. आत बसून बोलू."

"आत बसून नाही," मी म्हटलं. "पत्र जिथून वाचलंत तिथूनच. खोटा बाप्तिस्मा मी मागितला होता, पाळकांनी नकार दिला, माझी तक्रार खोटी होती, असं म्हणायचं. एकदा नाही. लग्नाची सूचना वाचतात तसं, तीन रविवार. नाहीतर मूळ कागद उद्या पोलीस स्टेशनात."

ब्लॅकमेल म्हणा, काही म्हणा. दादानं हे केलं नसतं, ठाऊक आहे मला. दादा गेला.

पहिल्या रविवारी मी पहिल्या बाकावर बसले. मुद्दाम, त्यांच्या नाकासमोर. माईक नको लागणारा तो आवाज तिसऱ्या ओळीपर्यंत पोचेना. मागून एक म्हातारी तेलुगूत ओरडली, मोठ्यानं वाचा म्हणून, आणि त्यांना पहिल्यापासून वाचावं लागलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. दुसऱ्या रविवारी एस्तेर आली, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. उपासना संपल्यावर जिन्याजवळ माझा हात धरला. "आंटी, पप्पा रात रात सोते नहीं. अब बस करो ना. अय्यागारू असते तर त्यांनी केव्हाच माफ केलं असतं."

"म्हणूनच त्यांना असं वागवलं," मी म्हटलं. "तिसरा रविवार होईल."

झाला. मागच्या रविवारी. बिशपच्या ऑफिसचा माणूस येऊन बसला होता, निलंबन रद्द झाल्याचं पत्र घेऊन. मेलेल्या माणसाचं निलंबन रद्द, वा! सेक्रेटरींनी वाचलं, बायको रडत होती, ते खाली उतरले आणि माझ्यासमोरून मान खाली घालून गेले. मी वाट बघत होते की आता काळजाला थंडावा मिळेल. दहा मिनिटं मिळाला. मग मी मान वळवून मागच्या बाकांकडे पाहिलं. तीच माणसं, त्याच जागा. आणि मला एक जागा दिसली. उजवीकडून तिसरी ओळ, खांबाजवळची.

आता सांगते. निलंबनाचं पत्र वाचलं त्या रविवारी मी त्या जागेवर होते. सेक्रेटरींनी वाचून झाल्यावर विचारलं होतं, "कोणाला काही म्हणायचंय?" दादा पुढे उभा होता. तो कोणाकडे वळला नाही, पण तो थांबला. चष्मा काढून, पूर्ण मिनिटभर. कोणी उठलं नाही. फॉर्म मी तोवर पाहिला नव्हता, पण कुळगावला मी त्याच्यासोबत गेले होते, नाव बदलायचं नाही हे त्याच्या तोंडून ऐकलं होतं. पत्रातला शब्द न् शब्द खोटा आहे हे सेक्रेटरी सोडले तर त्या चर्चमध्ये दोनच माणसांना ठामपणे माहीत होतं, दादाला आणि मला. पण पुढच्या महिन्यात माझ्या मुलाचं लग्न होतं, त्याच चर्चमध्ये, परवानगी त्याच कमिटीच्या हातात. पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी मनात म्हटलं, आज नको, लग्न होऊन जाऊ दे, मग बघते एकेकाकडे. आणि बसून राहिले. दादा झगा काढून, घडी घालून, बाजूच्या दारानं निघून गेला. मी शेवटचं गीतसुद्धा म्हटलं. संध्याकाळी तो ट्रंका घेऊन माझ्या दारात आला, तेव्हा त्याविषयी एक अक्षर बोलला नाही. पुढं दीड वर्ष नाही. मुलाच्या लग्नात तो सर्वांत मागच्या बाकावर बसला होता.

सेक्रेटरींचे तीन रविवार संपले. येत्या रविवारी, ते उभे राहिले तिथूनच, मी वाचणार आहे. बिशपच्या ऑफिसनं विचारलं, "आता आणखी कोणाविरुद्ध, ताई?" मी सांगितलं, नाव रविवारी कळेल. दादाच्या खोलीतल्या टेबलावर बसून कागद लिहून ठेवलाय. दोनच ओळी आहेत. मी त्याची सख्खी बहीण. मला सगळं माहीत होतं, आणि मी उठले नाही.