खापरावरचा हात

धरणगावच्या पंचक्रोशीत कुणाकडे लग्न निघालं की मांडव पडायच्या आधी झुंबरबाईला सांगावा जायचा. मांडे करावेत तर तिनेच. पुरण भरलेला सैल गोळा ती दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवायची आणि सुपाहून मोठा झाला की चुलीवरच्या उपड्या, तापल्या खापरावर अलगद सोडायची. गेल्या वर्षभरात तर कमालच झाली होती. इतर बायका चटका बसला की बोटं तोंडात घालत. झुंबरबाई डाव्या हाताने मांडा खुशाल उलटायची, उलथनं नको की फडकं नको. आग झुंबरबाईला भिते, असं बायका म्हणत. तिलाही ते पटलं होतं. कानबाई देवीचं देणं, दुसरं काय!

एकोणीसशे अडतीस साली धरणगावच्या एका लग्नात तिची सून तानुबाई शेजारी गोळे भरत बसली होती. एकाएकी तिला करपल्याचा वास आला. मांडा तर अजून पांढराच होता. तिने पाहिलं, सासूची करंगळी खापराला चिकटली होती.

"आत्याबाई, हात!"

झुंबरबाईने हात उचलला, टरारलेला फोड पाहिला आणि हसली. भोवतालच्या बायकाही हसल्या. तानुबाई तेवढी हसली नाही. सासूची पाठ चोळताना तिने डाव्या कोपराच्या वर एक फिकट चट्टा पाहिला होता. भर उन्हाळ्यातही तेवढ्या जागी घाम येत नसे.

घरी आल्यावर तिने विचारलंच. "खरं सांगा, चटका कळत नही, हाई कव्हयपासून शे?"

"तू कसाले घाबरस? हातना गुन शे तो."

"गुन नही शे, आत्याबाई."

झुंबरबाईने डावा हात पदराखाली घेतला. गल्लीतल्या भाईदासला महारोग झाला, तेव्हा भावांनी त्याला मळ्यात झोपडी बांधून दिली होती. भाकरी लांबूनच ठेवत. पूर्वी ती त्या वाटेने रोज सरपणाला जायची. हल्ली लांबचा फेरा घ्यायची. तिच्या मनाला सगळं आधीच कळलं होतं, फक्त तिने त्याला बोलू दिलं नव्हतं.

बांगड्या भरायच्या निमित्ताने सासूसुना जळगावला गेल्या. तिथल्या तरुण डॉक्टरने कापसाची बारीक वात केली आणि झुंबरबाईला डोळे मिटायला सांगितलं.

"कापूस लागला की बोला."

उजव्या हातावर ती लगेच म्हणाली, "लागना." पुन्हा, "लागना." मग बराच वेळ शांतता. शेवटी तीच कंटाळून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, डाव्या हातले सुरू करा ना आते."

डॉक्टरने डाव्या हातावर वात फिरवून ती केव्हाच खाली ठेवली होती. तानुबाईने पदर तोंडाला लावला.

डॉक्टरने तिच्या कोपरामागची जाड झालेली शीर चाचपली आणि समजावून सांगितलं. कातडीखाली बारीक बारीक टोकं असतात. काही दाब ओळखतात, काही ऊन-गार, काही दुखणं. बोट फक्त खबर देतं. ती खबर शिरेतून पाठीच्या कण्यात आणि तिथून मेंदूत जाते. मेंदूला पोचली, तरच आपल्याला चटका कळतो.

झुंबरबाई विचार करून म्हणाली, "म्हंजे ज्वारीना वावरमा डुक्कर शिरनं का राखणदार एक मचाणना माळावरथून दुसरा माळावर हाक देस, आनि ती गावलगून जास, तसं?"

"अगदी तसंच. तुमच्या मधल्या माळ्यावरचा राखणदार मुका झालाय."

"आनि डुक्कर खाई ऱ्हायनं." ती फोडाकडे बघत म्हणाली. मग हलकेच विचारलं, "माले मळामा धाडशात?"

"कशाला? रोग लवकर सापडलाय. सुया घ्यायला येत जा. गेलेली जाणीव परत येईलच असं मी म्हणणार नाही. पण विस्तवाला हात लावू नका. तो हात आता डोळ्यांनी सांभाळायचा."

घरी नवऱ्याने, धनसिंगने, सगळं ऐकून घेतलं. सुपारी कातरून त्याने अडकित्ता खाली ठेवला. "झोपडी नही," तो म्हणाला. "पन ताट येगळं राही." झुंबरबाईने मान डोलावली. त्या दिवसापासून ती ओसरीवर जेवू लागली.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमरस झाला, पण मांड्यांचं काय? झुंबरबाई चुलीपासून हातभर दूर, हात मांडीवर ठेवून बसली. शेजारणी कुजबुजल्या, "आज सून कशी काय बसनी?"

"मंग काय, सासू जनमभर रांधी का?" तानुबाई फटकन म्हणाली आणि तिने गोळा हातावर घेतला.

पहिला मांडा फाटला. दुसरा निम्मा खापराबाहेर लोंबला. "कोपर वर ठेव," झुंबरबाई सांगत होती, "घाई करू नको." तिसरा उलटताना तानुबाईची बोटं खापराला लागली.

"आय वं!" ती किंचाळली आणि हात झटकून उभी राहिली.

झुंबरबाई हसली. किती महिन्यांनी हसली. "पोचनी वं, तुनी हाक गावलगून पोचनी," ती म्हणाली आणि उजव्या हाताने पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.