आराच्या कडेला दोन पानगे

ज्या देवाने अन्न दिलं, त्याच देवाने ते माझ्या जिवावर का उठवावं, हा प्रश्न मी त्या दुष्काळात रोज सकाळी देवघरासमोर बसून विचारत असे. विचारत असे म्हणते, पण खरं म्हणजे मी भांडत असे. माझा स्वभाव मुळातच तडतडा. नवऱ्याशी, भाजीवाल्याशी, टँकरवाल्याशी भांडते तशीच देवाशीही भांडायचे. त्यामुळे पुढे जे घडलं ते सांगताना आजही माझे शब्द एकमेकांच्या पायात येतात. कुठून सांगू आणि किती सांगू असं होतं. पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात की एकदा नीट बसून लिहून काढ, म्हणजे घरी येणाऱ्या प्रत्येकाला पकडून सांगत बसायला नको.

आम्ही तेव्हा कन्नडजवळचं गाव सोडून शहरात, पडेगावच्या पुढच्या नव्या वसाहतीत राहायला आलो होतो. तेव्हा शहराला सगळे औरंगाबादच म्हणत. दोन वर्षांपूर्वी जिथे ज्वारीचं रान होतं तिथे प्लॉटचे पांढरे दगड रोवले होते, आणि त्यातल्याच एका तीन मजली इमारतीत आमच्या दोन खोल्या. आमचे हे कंपनीत कामाला. पाऊस सलग दोन वर्षं दडी मारून बसलेला, नळाला पाणी नाही, आठवड्यातून एकदा टँकर. आणि अशा दिवसांत माझं पोट बिघडलं ते सुधरेचना. खाल्लेलं अंगी लागेना, केस हातात यायचे, जिना चढताना दोन ठिकाणी बसावं लागे. एकीकडे मी दवाखाने करत होते, दुसरीकडे आत्याबाईंनी गावच्या मारुतीला नवस बोलून टाकला होता: सून बरी होऊ दे, तुला रोडग्यांचा नैवेद्य करीन.

रोडगा म्हणजे जाडसर दळलेल्या गव्हाचा गोळा, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत भाजलेला, वर तूप. आमच्याकडे मारुतीला यापेक्षा मोठा नैवेद्य नाही. आणि नवस बोलून पंधरा दिवस होतात न होतात तोच घाटी दवाखान्याजवळच्या एका मोठ्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून आजार शोधला. त्याचं नाव मला अजून धड घेता येत नाही, पण अर्थ सोपा होता. गहू बंद. आठ दिवस नाही, महिनाभर नाही, जन्मभर बंद. पोळी नाही, बिस्कीट नाही, शिरा नाही, बाजारच्या हिंगातही गव्हाचं पीठ असतं म्हणून तोही नाही. गव्हाचा कणसुद्धा आतड्याला विष. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सुनेला गव्हानेच धरलंय, आणि तिला सोडवायला त्यांनी देवाला गहूच कबूल केला होता!

पहिला महिना मी नुसत्या वरणभातावर काढला. आणि काय सांगू, मला बरं वाटू लागलं! जिना एका दमात चढले त्या दिवशी मी वरून ओरडून सगळ्या इमारतीला सांगितलं. पण आत्याबाईंचा जीव तुटत होता. भात म्हणजे त्यांच्या लेखी आजाऱ्याचं खाणं, त्यावर माणूस उभं राहत नाही. ज्वारी तेव्हा बघायला मिळत नव्हती. तरी त्यांनी पैठणकडच्या भावाला निरोप धाडून एक पोतं ज्वारी मिळवली, निवडली, पाखडली आणि स्वतः डोक्यावर घेऊन कोपऱ्यावरच्या गिरणीत नेली. मीही बरोबर असायचे. आता आमच्या मुलखातल्या बायकांची गिरणीत एक रीत असते. आपलं दळण कशावर पडतंय ते बघून घ्यायचं. बाजरीवर ज्वारी पडली की पीठ काळपट येतं, भाकरी डागाळते. म्हणून आत्याबाई गिरणीवाल्या चाचांना दर खेपेला बजावायच्या, "भाऊ, बाजरीवर नका टाकू बरं का. माझ्या सुनंचं हाय. गव्हावर टाका, म्हंजी भाकर पांढरीफेक व्हईन." चाचा म्हणायचे, "हौ अम्मा, गेहूँ पे ही डालता." आणि मी शेजारी उभी राहून मान डोलवायची.

भाकरी खरंच पांढरीशुभ्र व्हायची. पण मी पुन्हा आजारी पडले. पहिल्यापेक्षा जास्त. डॉक्टरांनी तपासण्या बघून चष्म्यावरून विचारलं, "बाहेरचं काही खाता का?" मी नाही म्हटलं. त्यांनी कागदावर ‘गहू बंद’ पुन्हा लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. हेही घरी येताना रिक्षातून बाहेरच बघत बसले. चार दिवसांनी मी पाणी प्यायला उठले तर आत्याबाई पोळ्यांचा डबा उघडून पोळ्या मोजत होत्या. ओठ हलत होते. मला बघून त्यांनी झाकण लावलं. मी चोरून खाते असं माझ्याच घरात माझ्या माणसांना वाटत होतं. आजाराने मी रडले नव्हते, पण त्या दिवशी न्हाणीघरात नळ सोडून रडले असते. नळाला पाणी नव्हतं म्हणून पदर तोंडात घालून रडले.

मग गावाकडून नणंदेने फोनवर निदान केलं. म्हणे नवस राहिलाय, म्हणून दुखणं उलटलं. सगळ्यांना ते पटलं. वैशाखातला शनिवार ठरला. आमच्याकडचा रिवाज असा, की ज्याच्यासाठी नवस, त्याने पहिला रोडगा मोडायचा आणि पहिला घास खायचा. त्याशिवाय दुसरं कुणी तोंडात घालत नाही. मी म्हटलं, आत्याबाई, मला गहू चालत नाही. त्या इतकंच म्हणाल्या, "देवाचा परसाद हाय. त्यानं काय व्हत नसतं." त्यांच्या मनात काय आहे ते मला कळत होतं. जी बाई घरात चोरून खाते, ती देवाच्या दारात नाही म्हणते, म्हणजे ही बाई आहे तरी कसली!

शनिवारी सकाळच्या एसटीने कन्नड, तिथून जीपने गाव. मारुतीचं देऊळ गावाबाहेर माळावर, एवढंसं. समोरचा तलाव आटून तळाला भेगा पडलेल्या. देवळामागच्या रानात कुणी शेतकऱ्याने खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या, त्यांचा आवाज तेवढा येत होता. आत्याबाईंनी गोवऱ्या रचून पेटवल्या. आर तयार झाला आणि त्या रोडगे सोडू लागल्या, तेवढ्यात मेंढरांच्या बाजूने एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, कपाळाला भंडारा आणि हातात पळसाच्या पानांत बांधलेले दोन पानगे. आमच्या आराकडे बघून तिने विचारलं, "बाई, गोवऱ्या सरल्या आमच्या. कडंला दोन पानगे भाजून घिऊ का?" नवसाच्या विस्तवाला कुणी नाही म्हणत नाही. आत्याबाईंनी काठीने आर थोडा सरकवून कडेला तिला जागा करून दिली.

नैवेद्य दाखवून झाला. आत्याबाईंनी पहिला रोडगा फडक्याने पुसला, तुपात बुडवला आणि माझ्या हातात दिला. सगळी भावकी माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या क्षणी माझ्यात भांडायचं काही उरलं नाही. एवढे दिवस मी देवाला जाब विचारत आले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा मनात म्हटलं, मारुतीराया, माझं डोकं चालेनासं झालंय. खाल्लं तर मरेन, नाही खाल्लं तर या घरात मेल्यासारखीच आहे. आता तुझं तू बघ. आणि मी रोडगा मोडला. डोळ्यांतल्या पाण्याने काही दिसेना, अर्धा खाली पडला.

"का गं पोरी, कामून रडती?" म्हातारी पानगे काढायला आली होती, ती माझ्याकडेच बघत होती.

मी काही बोलायच्या आत आत्याबाईंनीच सांगून टाकलं. डॉक्टरांनी गहू बंद केलाय, तरी दुखणं हटेना, म्हणून नवस फेडतोय.

"आत्ता गं माय! नवस बरं झाल्यावर फेडत्यात. ही तर अजून बरी नाय. आगाऊ कामून फेडता?" म्हातारी हसली. मग खाली बसून मला म्हणाली, "मलाबी गहू सोसत नाय. न्हानपणी पोट नगाऱ्यावानी फुगायचं. मायनं वळखलं, गहू तोडला. आता सत्तरी आली. तू कवा बरी व्हतीस ते सांग."

"भातावर होते तेव्हा, मावशी. भाकरी सुरू केली आणि पुन्हा बिघडलं."

"दळती कुठं?"

"गिरणीत."

"गिरणीत कशावर?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि चाचांचं ‘गेहूँ पे ही डालता’ कानात वाजलं. गव्हावर! दर खेपेला, सांगून, बजावून, गव्हावर! दगडांत, पट्ट्यात, पिठाच्या त्या कापडी नळीत साठलेला गहू माझ्या ज्वारीतून माझ्याच ताटात येत होता. मी जोरात ओरडलेच, "आत्याबाई, गव्हावर!"

आत्याबाईंना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तशा त्या होत्या तिथेच बसल्या. "म्याच घातलं," त्या म्हणाल्या. "लेकराला म्याच घातलं, आन् वरून पोळ्या मोजल्या." भर माणसांत त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. मला राग यायला हवा होता, पण मला इतका आनंद झाला होता की रागाला जागाच नव्हती. मी चोर नव्हते! डॉक्टर खोटे नव्हते, मी खोटी नव्हते, देवही खोटा नव्हता. मी रडत होते आणि हसत होते आणि आत्याबाईंना गदागदा हलवत होते.

म्हातारीने पळसाचं पान सोडलं. आत बाजरीचा पानगा, गरम, खरपूस, पानाच्या शिरा उमटलेला. "दळायचं जातं घोड्यावरच असतंया आमच्या," ती म्हणाली. "त्याला गहू ठावंच नाय. खा बिनघोर." मी हात धुऊन तो पानगा मारुतीपुढे ठेवला, मग मोडला आणि पहिला घास घेतला. आत्याबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि माझ्या घशाखाली उतरेपर्यंत त्यांनी श्वास घेतला नसावा.

आम्ही परत निघालो तेव्हा जीपमध्ये आत्याबाईंच्या मांडीवर गावच्या घरातलं जुनं जातं होतं. दुसऱ्या दिवशी त्या तडक गिरणीत गेल्या आणि चाचांना सगळं सांगितलं. त्या माणसाने कानाला हात लावला. "या अल्ला! मैं तो अम्मा का काम समझ के करता था, बेटी." मग आमच्या जात्याचे दोन्ही दगड त्यांनी दुकानात मागवून उलथे केले, स्वतःच्या छिन्नीने टाकी लावून दिली आणि जुन्या पिठाचा कणही राहू नये म्हणून घासून, धुऊन घरी पोचवले. टँकरच्या पाण्याच्या त्या दिवसांत त्यांनी दोन बादल्या त्यासाठी खर्चल्या, हे मी विसरणार नाही. पहाटे आमच्या घरी घरघर सुरू झाली तशा खालच्या मजल्यावरच्या काकू तणतणत वर आल्या, वर विमान उतरवलंय का म्हणून. आत्याबाईंनी त्यांना समोर बसवलं, खुंटा हातात दिला आणि कहाणी सांगितली. तेव्हापासून त्या आठवड्यातून दोनदा दळू लागायला येतात आणि दळता दळता सुनेची गाऱ्हाणी करतात.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी माझे कागद दोनदा वाचले. त्यांनी खुर्चीतून उठून मला विचारलं, काय केलंत? मी म्हटलं, जातं घेतलं! दोन दिवसांत आम्ही मारुतीला गेलो आणि नवस फेडला, बाजरीचे रोडगे करून. पहिला घास आत्याबाईंनी स्वतःच्या हाताने मला भरवला. मेंढ्यांचा कळप केव्हाच पुढे गेला होता. मी गावात विचारलं, पण त्या वैशाखात कुणाच्या रानात कुठल्या मेंढ्या होत्या, हे कुणाला नेमकं आठवेना. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. गोवऱ्या सरलेली एक म्हातारी होती, एवढं मला पुरतं. मला फक्त हे कळलं की मी देवाशी भांडत होते तोवर कुणी काही विचारलं तरी मला ऐकूच येत नसणार, आणि ज्या क्षणी मी हात टेकले त्या क्षणी मला विचारणारं कुणीतरी तयारच होतं. त्यासाठी मी मारुतीरायाची जन्माची ऋणी आहे.

दर वैशाखात आम्ही जातो. आर तयार झाला की आत्याबाई काठीने कडेचे निखारे सरकवतात आणि दोन पानग्यांची जागा मोकळी ठेवतात, कुणी आलं तर असावी म्हणून. आतापर्यंत कुणी आलं नव्हतं. यंदा आमच्या वसाहतीतली एक तरुण आई बरोबर आली होती. तिच्या पाच वर्षांच्या लेकीला हाच आजार निघालाय, आणि सासरी सगळे म्हणतात की पोरीचे फाजील लाड चाललेत. आमच्या जात्यावर दळलेल्या पिठाचे दोन पानगे पदराखाली धरून ती लांब उभी होती. विचारू की नको, असं तिच्या तोंडावर होतं. आत्याबाईंनी काठी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "ये की गं बाई, तुझीच जागा धरून बसले म्या."