कपाटातली करणी

बुरुलने कपाट उघडलं आणि आधी नाक पुढे केलं. नव्या लाकडाचा वास होताच, पण त्यात दुसरंही काही मिसळलं होतं. आंबूस, खारट. तिने तराजूच्या पारड्यातून बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. आणि ठोकळ्यांच्या मागे, कुणीतरी जपून मांडावं तसं, मेंढीच्या घोट्याचं एक हाड ठेवलेलं.

तिने कपाट बंद केलं, कुलूप ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं, आणि किल्ली झग्याच्या आत, गळ्यातल्या दोरीला सोडून दिली. कपाट आणि साबणाची कोठी, दोन्ही कुलपांना मिळून किल्ली एकच होती आणि ती रात्रीसुद्धा गळ्यातच असायची.

कोचकोर या बाजारगावाच्या पलीकडे, नदीकाठच्या त्या गावात बालवाडीची कोठी बुरुल सांभाळायची. मोठी माणसं तिला ‘एजे’, म्हणजे थोरली बहीण म्हणत, पोरं ‘अपा’, म्हणजे आई म्हणत. नवरा सामूहिक शेतीच्या काळात ट्रॅक्टर चालवायचा, तो लवकर गेला. मुलगे मॉस्कोला कामाला गेले आणि तिकडचेच झाले. घरी उरली ती आणि गाय. घरात तिला विचारणारं कुणी नव्हतं. बालवाडीत मात्र साबणाची वडीसुद्धा तिला विचारल्याशिवाय जागची हलत नसे.

चांगली वस्तू वापरायची नसते, दाखवायची असते, हे ती नोकरीला लागली तेव्हाच शिकली होती. कपाटाच्या वरच्या फळीवर जर्मनीची एक बाहुली होती, अजून कागदात गुंडाळलेली. तपासणीला कुणी आलं की तिच्यावरची धूळ पुसायची. तिला हात लावायला मिळेल म्हणून वाट बघणाऱ्या पोरी आता आज्या झाल्या होत्या.

त्यामुळे परदेशातल्या कुठल्याशा संस्थेने खोकी पाठवली तेव्हा बुरुलच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“फुकट? आपल्याला? कशाबद्दल?”

“मुलांसाठी, एजे,” आयझिरेक म्हणाली. ही नवी शिक्षिका, राजधानीत, बिश्केकला शिकून आलेली, केस खांद्यापर्यंत कापलेले. बुरुलच्या मते त्या केसांतच सगळं आलं. “मुलांनी स्वतःच्या हाताने करून बघायचं. मोजायचं, तोलायचं, खोलायचं, जोडायचं.”

“मागेही अशीच मदत आली होती. खोकंभर बूट. सगळे डाव्या पायाचे!”

“आता दोन्ही पायांचं आलंय, बघा तरी.”

बघितलं. ठोकळे, तराजू, भिंगं, रंगीत मणी. एका पेटीत लहान हातात मावतील अशी पण खरीखुरी अवजारं: हातोडी, पाना, आणि पेचकसाची खाच रिकामी.

“पाहिलंस?” बुरुल म्हणाली. “वाटेतच कुणीतरी हात मारला.”

आयझिरेकने पेटीचं झाकण लावलं. बुरुलने सगळं कपाटात रचलं, काचेतून दिसेल असं, आणि कुलूप लावलं.

“एजे, पोरं काचेला नाकं लावून उभी राहतात हो.”

“राहू देत. नाकाने काही मोडत नाही.”

आणि आता हे हाड. दुसऱ्या दिवशी भिंगाखाली एक बटण सापडलं. मग लाल दोऱ्याचा तुकडा. ठोकळे मोजायची गरजच नव्हती, ते हललेले डोळ्यांना दिसत होते. निळ्या ठोकळ्यांत पिवळा जाऊन बसलेला. कुलूप मात्र जसंच्या तसं.

बालवाडीच्या स्वयंपाकघरात स्वयंपाकीण तुर्सुनाय पीठ मळत होती. तिने हाड, बटण आणि दोरा पाहिला आणि पिठाचे हात मागे घेतले.

“एजे, हे माझ्या पिठाजवळ नको आणू. करणी आहे ही.”

“मलाही तेच वाटलं.”

“हाड, दोरा, अंगावरचं बटण. तुझ्या जागेवर कुणाचा तरी डोळा आहे.”

“कुणाचा ते मला माहीत आहे. कापलेल्या केसांचा.”

शुक्रवारी संस्थेची माणसं जिल्ह्याच्या साहेबिणीला घेऊन येणार होती, आपण दिलेलं काय काय आहे ते बघायला. गुरुवारी सकाळी मुख्याध्यापिका सोनुनबुबुने कपाटाच्या काचेतून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. एक भिंग जागेवर नव्हतं.

“एजे, उद्या मी काय सांगू? किल्ली तुमच्या गळ्यात. भिंग संध्याकाळपर्यंत सापडलं नाही, तर किल्ली माझ्या टेबलावर ठेवा.”

बुरुलने गळ्यातली दोरी मुठीत धरली. किल्ली गेली की उरली गाय.

“मला काय विचारतेस? तिला विचार!” तिने व्हरांड्यात उभ्या आयझिरेककडे बोट केलं. “माझ्या कपाटात हाडं ठेवते, दोरे ठेवते! मला घालवून स्वतःचं माणूस बसवायचंय तिला!”

“मी? करणी?” आयझिरेक आधी हसली, मग तिचं हसू विरलं, कारण तुर्सुनाय दारातून मान हलवत होती. “एजे, माझ्याकडे धड भाकरी भाजायला वेळ नाही, करणी कधी करू?”

“कपाटाला हात लावला नाहीस, म्हण. म्हण ना!”

आयझिरेक गप्प राहिली. हे गप्प बसणं सगळ्यांनी पाहिलं. सोनुनबुबु थकल्यासारखी म्हणाली, “दुपारनंतर दोघी माझ्याकडे या. एकीला तर जावंच लागणार.”

जेवणानंतर पोरं झोपायच्या खोलीत पांघरुणं डोक्यावर ओढून पडली. आयझिरेक चहाला बाहेर पडली तशी बुरुल आत शिरली आणि कोपऱ्यातल्या गाद्यांच्या ढिगामागे अंग चोरून बसली. तिचा हिशेब साधा होता. ती खोली आणि शेजारचा वर्ग यांच्यामध्ये पूर्वी दार होतं. दार काढून तिथे कपाट लावलं होतं, आणि वारा येऊ नये म्हणून खोलीच्या बाजूने त्याच्या पाठीवर नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा गालिचा टांगला होता. चोर आत येईल, तर इथूनच येईल.

चोर बाहेरून आलाच नाही. पांघरुणं हलली. अनवाणी पाय फरशीवर उतरले. एका पोराने गालिचा उचलून धरला, आणि बेगायिम, दोन वेण्यांची, समोरचा दात पडलेली, उशीखालून पेचकस काढून कपाटाच्या पाठीच्या फळीपुढे बसली.

“उलटा नको फिरवू, घट्ट होतो.”

“माहितीये मला. डावीकडे सैल, उजवीकडे घट्ट.”

फळी निघाली. तराजू बाहेर आला. बेगायिमने एका पारड्यात कुरुत ठेवला, वाळवलेल्या दह्याचा तो खारट गोळा, आणि दुसऱ्यात खिशातलं, खेळायचं घोट्याचं दुसरं हाड.

“हाड जड.”

“माझ्या आजीचा कुरुत ठेव. जुना आहे, दगड झालाय.”

“मोठा आहे पण हलका! बघ, बघ! वर गेला!”

“आत दही वाळलंय ना. पाणी गेलं, वजन गेलं.”

भिंगातून कुणी कुरुताकडे बघत होतं, कुणी पायाच्या नखाकडे. सकाळपासून हरवलेलं भिंग तेच. रात्रभर ते कुणाच्या तरी मोज्यात होतं.

मग बेगायिम दरडावून म्हणाली, “ए, तू पहिल्यांदा बघतोयस. कोरुंदुक काढ!”

“माझ्याकडे काही नाही.”

“मग बघू नको. नवी वस्तू रिकाम्या हाताने बघतात का? मी बटण दिलं, हिने दोरा दिला. नाहीतर कपाट रागावेल.”

पोराने खिसे उलटे केले आणि सूर्यफुलाची एक बी फळीवर ठेवली.

गादीमागे बुरुलने तोंडावर हात दाबला. नवी सून, नवं बाळ, नवं वासरू. पहिल्यांदा पाहिलं की हातावर काही ठेवायचं, नाहीतर दृष्ट लागते. तिने स्वतः गावभर कोरुंदुक दिलं होतं, घेतलं होतं. या खोक्यांना तेवढं द्यायचं राहून गेलं. पोरांनी ते दिलं, आणि तिने त्याला करणी म्हटलं.

सोनुनबुबुच्या खोलीत ती आयझिरेकच्या आधी पोचली. गप्प राहिली असती तर किल्ली वाचली असती. आयझिरेकवर सगळ्यांचा संशय बसलाच होता. तिने गळ्यातली दोरी काढली आणि किल्ली टेबलावर ठेवली.

“पोरीने काही केलेलं नाही. मी चुकले. कपाट पोरांनी उघडलं, पाठीकडून.”

“पाठीकडून? मग ही किल्ली घेऊन मी काय करू?” सोनुनबुबुने तोंडावर रुमाल धरला, ती हसत होती की रडत, कळेना. “आणि उद्या?”

“उद्या उघडंच ठेवू. तराजूवर कुरुत असेल, भिंगावर बोटं असतील. कुणी विचारलं तर मी उत्तर देईन. किल्ली दे इकडे, साबणाच्या कोठीला लागते.”

व्हरांड्यात आयझिरेक उभी होती. बुरुलने किल्ली गळ्यात घातली, तिच्यासमोर थांबली, आणि डोळे बारीक केले.

“तुझ्यावर खोटा आळ घातला. जिभेला हाड नाही माझ्या. पण एक सांग. पेटी कुलपात, पेटीतला पेचकस बाहेर. खोकं फोडताना तिथे आपण दोघीच होतो, आणि मी तर तो घेतला नाही.”

आयझिरेक अंगणाकडे बघू लागली. तिचे कान लाल झाले होते.

“मी कपाटाला हात लावला नाही, एजे. पेचकस तेवढा… बेगायिम विचारत होती, हे काय असतं.”

“हं,” बुरुल म्हणाली. “माझा संशय कधी अगदीच वाया जात नाही. आणि नवी वस्तू पहिल्यांदा तूच पाहिलीस तर. चल, काढ कोरुंदुक.”

आयझिरेकने केसांतली पिन काढून तिच्या तळहातावर ठेवली. बुरुलने ती उजेडात धरून उलटसुलट पाहिली, मग आत जाऊन कपाटात ठेवली, सूर्यफुलाच्या बीशेजारी. जर्मन बाहुली तिने खाली उतरवली आणि कागद फाडायला घेतला.