पेट्रोल, डिझेल आणि बायकोची पाठ

मोठी खरेदी ही माणसाच्या विवेकाची परीक्षा असते, असं मी बरीच वर्षं मानत आलो. आमची परीक्षा अमरावतीत एका लग्नाच्या लॉनवर झाली. आदल्या दिवशीच्या वधूवरांची थर्मोकोलची अक्षरं अजून कमानीवर होती आणि त्यांच्याखाली, लाल गालिच्यावर, दोन काळ्या सेडान उभ्या होत्या. एक पेट्रोल, एक डिझेल. असल्या गाड्यांची शोरूम आमच्या गावात नाही. म्हणून नागपूरहून दोन दिवसांसाठी गाड्या येतात, आणि ज्यांना परवडेल अशी शंका आहे त्यांना फोन जातात.

आम्हाला परवडत होती ती एक प्लॉट विकला होता म्हणून. तो विकायचं कारण बायकोची पाठ. ती अकोल्याच्या कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र शिकवते. सोमवारी सकाळी मी तिला गाडीने सोडायचो, आठवडाभर ती तिच्या भावाकडे राहायची, शुक्रवारी संध्याकाळी मी घेऊन यायचो. मणक्याचा त्रास सुरू झाल्यापासून सोमवारी पोचल्यावर तासभर आडवं पडल्याशिवाय तिला वर्गात उभं राहता येईना. रेल्वे करून पाहिली, तर दोन्ही टोकांचे जिने आणि रिक्षा यांनी उरलेली पाठही घेतली. डॉक्टर म्हणाले, प्रवास सोसेल असा करा, नाहीतर नोकरी सोडा. निवृत्तीला दीड वर्ष होतं आणि तिच्या हाताखाली दोन मुली पीएचडी करत होत्या. त्यांचे प्रबंध हातावेगळे झाल्याशिवाय ती घरी बसणार नव्हती. तेव्हा प्रश्न एवढाच होता: या दोनपैकी कोणत्या गाडीच्या मागच्या सीटवर तिची पाठ टिकेल?

सोबत तिचा भाऊ होता. वयाने मोठा, म्हणून मीही त्याला दादा म्हणतो. अकोल्यातल्या जिनिंगमध्ये त्याने आयुष्यभर कापसाची प्रत ठरवली. गाडीभर कापूस समोर आला की तो वरच्या कापसाकडे बघतसुद्धा नाही. कोपरापर्यंत हात आत घालतो आणि मधला मूठभर बाहेर काढतो. वरचा कापूस दाखवायचा असतो, असं त्याचं जगाबद्दलचं साधारण मत आहे. मी तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. दोघांचा मिळून संशय भरपूर होता.

विक्रेता नागपूरचा तरुण, कडक इस्त्रीचा, बोटांत गाडीची किल्ली फिरवणारा. "सर, डिझेलचा टॉर्क वेगळाच आहे. पण पेट्रोलची रिफाइनमेंट, एकदम लोण्यासारखी."

दादाने डिझेलच्या बॉनेटवर तळहात ठेवला. मग पेट्रोलच्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"गरम आहे."

"काका, सकाळपासून कस्टमर येऊन गेले ना."

"कोण आलं? गालिच्यावर तं एक पाऊल नाई उमटलं." दादा माझ्याकडे वळला. "जवाईबापू, थंड इंजिन खडखडते म्हून यायनं आधीच तापवून ठेवलं. डिझेल तं हमखास."

हे खरं असावं, असं विक्रेत्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. त्याने विषय बदलून टेस्ट ड्राइव्हचा मार्ग सांगितला: लॉनवरून बायपास, बायपासवरून वळसा, परत लॉन. नवं डांबर, एकही गतिरोधक नाही. दादा हसला. तो वरचा कापूस होता.

आम्ही तेवढा फेरा दोन्ही गाड्यांतून मारला. मी चालवली, विक्रेता शेजारी, भाऊबहीण मागे. डिझेल छान होती. पेट्रोलही छान होती. पेट्रोलला जोर दिला की एक खोल, भारदस्त हुंकार उठायचा आणि विक्रेता डोळे मिटायचा.

"हा आवाज कुठून येतो?" मी विचारलं.

"इंजिनचा कॅरेक्टर आहे सर."

दादा मागच्या दाराला कान लावून बसला होता. "कॅरेक्टर स्पीकरातून येऊन राहिलं," तो म्हणाला.

विक्रेत्याने मान्य केलं की हुंकार थोडा वाढवून ऐकवण्याची सोय गाडीत आहे. ती बंद करायला सांगितल्यावर त्याला पडद्यावर ती सापडेना. एका फाट्यावर गाडी थांबवून त्याने नागपूरला फोन लावला. माहितीपुस्तिकेची पानं उलटली. शेवटी आवाज गेला आणि त्याबरोबर माझा अर्धा उत्साहही गेला. मग दादाने टायरांवर शंका घेतली: हवा कमी ठेवली की धक्के कमी लागतात. हवा मोजायचं यंत्र आणवलं. हवा बरोबर निघाली. दादाला याचं वाईट वाटलं.

लॉनवर परतल्यावर मी बायकोला विचारलं, "कशी वाटली?"

"चांगली."

"कोणती?"

"दोन्ही."

"अगं, काहीतरी फरक असेल ना. डिझेल जरा थरथरते, नाही का?"

"तुम्ही असं विचारलं की मला थरथरल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. "ही काय पद्धत झाली? नमुन्यावर आधी नाव लिहायचं आणि मग मला तो तपासायला द्यायचा. मला दिसायला नको कोणती गाडी आहे ते, आणि ऐकूही यायला नको. पाठीला काय ते कळेल. आणि रस्ता माझा हवा. मी दर सोमवारी बायपासवर वळसे घ्यायला जात नाही, अकोल्याला जाते."

विक्रेता म्हणाला, अशी पॉलिसी नाही. दादा म्हणाला, मग आमचीही घ्यायची पॉलिसी नाही. पुन्हा नागपूरला फोन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, इंजिन थंड असताना, अकोल्याच्या रस्त्यावर बडनेऱ्यापासून लोणीपर्यंत, असं ठरलं.

तिने रात्री वहीत योजना आखली. चार फेऱ्या, प्रत्येक गाडीच्या दोन. एका माणसाच्या हातगुणाचा परिणाम नको म्हणून प्रत्येक गाडी एकदा विक्रेता चालवणार, एकदा मी. क्रम दादा ठरवणार, चिठ्ठ्या टाकून, आणि तिला सांगणार नाही. प्रत्येक फेरीनंतर ती दहापैकी गुण लिहिणार. विज्ञानाचा असा थाट आमच्या घरात प्रथमच अवतरला आणि मी प्रभावित झालो, हे कबूल करतो.

सकाळी तिने डोळ्यांवर ओढणी बांधली. दादाने खिशातून कापसाचे दोन बोळे काढून तिच्या हातात दिले.

"लांब धाग्याचा आहे बाई. कानात रुतणार नाई."

तिचा हात धरून त्याने तिला गाडीत बसवलं. बडनेऱ्याच्या टपरीवर चहा पिणारे चारपाच लोक आमच्याकडे बघत होते. एकाने दादाला विचारलंच, "कावून जी, बाईले कुठी नेऊन राहिले?"

"गाडी पाहाले," दादा म्हणाला.

"डोये बांधून?"

"हो. डोये उघडे ठेवून पाह्यलं तं सारेच फसतात."

चार फेऱ्या झाल्या. मी जीव लावून चालवली. डिझेलची ओढ कुठे कमी पडते, पेट्रोल कुठल्या गिअरला अडखळते, लोणीच्या अलीकडच्या गतिरोधकावर कोणती आधी सावरते, सगळं मनात टिपत होतो. माझा कौल तयार होता: डिझेल. दादाचा पेट्रोल. विक्रेत्याचा, अर्थातच, जी महाग ती.

गाड्या रस्त्याच्या कडेला लावल्या. दादाने तिची वही आणि आपल्या चिठ्ठ्या बॉनेटवर शेजारी शेजारी मांडल्या. बॉनेट गरम होतं, पण या वेळी त्याची हरकत नव्हती. पहिल्या फेरीला आठ गुण. दुसरीला चार. तिसरीला चार. चौथीला आठ.

"पहिली पेट्रोल," दादा वाचू लागला. "दुसरी पेट्रोल. तिसरी डिझेल. चौथी डिझेल."

मी आकडे पुन्हा पाहिले. पेट्रोलला आठ आणि चार. डिझेलला चार आणि आठ. यातून कुठलंही अनुमान निघत नव्हतं. प्रयोग फसला, असं मी म्हणणार होतो.

दादा चिठ्ठ्यांची दुसरी बाजू बघत होता. तिथे चालवणाऱ्याचं नाव होतं.

"जवाईबापू," तो हळू आवाजात म्हणाला, "मले हे दोन इंजिनं नाई दिसून राहिले. दोन डायवर दिसून राहिले."

दोन्ही आठ विक्रेत्याचे होते, दोन्ही चार माझे. मला पहिला संशय विक्रेत्याचा आला. तो मुद्दाम हळू चालवत असणार. दादाने घड्याळाची वेळही लिहून ठेवली होती. विक्रेता माझ्यापेक्षा दर फेरीत मिनिटभर लवकर पोचला होता. दुसरा संशय चिठ्ठ्यांचा, पण त्या दादाच्या हस्ताक्षरात होत्या.

"सर, राग नका मानू," विक्रेता म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात माहितीपुस्तिका नव्हती. "तुम्ही ब्रेक उशिरा दाबता. मग एकदम दाबता. पुढे बसणाऱ्याला नाही कळत. मागे कळतं."

बायकोने कानातला कापूस काढला. मी तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे ओढणीची घडी घालत होती.

"तुला माहीत होतं?"

"मी अहवाल मातीचा लिहिते," ती म्हणाली. "शेतकऱ्याचा लिहीत नाही."

"काय व बाई," दादा म्हणाला, "दोन वर्षं सहन केलं, अन् बोलली नाईस?"

"बोलले असते तर यांनी पुरावा मागितला असता."

हे खरं होतं. मी मागितला असता, आणि तो आता गाडीच्या बॉनेटवर, माझ्यासमोर, दोन स्वतंत्र फेऱ्यांसह पडलेला होता. तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की कारण शोधताना आधी बदलत नसलेली गोष्ट तपासा. सोमवार बदलत होते, रस्ता दुरुस्त झाला होता, सीटवरच्या उशा दोनदा बदलल्या होत्या. स्टिअरिंगवर मात्र मीच होतो. परतताना विक्रेत्याने गाडी चालवली. अमरावती येईपर्यंत मी पुढच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसलो.

आता सोमवारी बायको अकोल्याला पोचते आणि तशीच वर्गावर जाते. एक प्रबंध सादर झाला, दुसऱ्याचं शेवटचं प्रकरण तपासणं चालू आहे. एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिला नेतात आणि आणतात. त्यांनी ब्रेक दाबलेला तिला कळत नाही म्हणे. डिझेलला तीन महिने थांबावं लागणार होतं आणि पेट्रोल त्याच आठवड्यात मिळत होती, म्हणून पेट्रोल घेतली. गाडी माझ्या नावावर आहे. मी ती आजवर दोनदा चालवली, दोन्ही वेळा अंगणात, धुण्यासाठी नळापर्यंत.