‘आवजो’ म्हणजे या

सुरतेत घरोघरी कटपिसांचे एक गाठोडे असते. काही तुकडे मिलमधून आलेले, काही शेजारणीने दिलेले. टाकवत नाहीत आणि त्यांतून धड एक परकरही होत नाही. इथल्याच उधना भागातल्या आमच्या संभाषण वर्गाचे किस्से माझ्यापाशी तसेच साठले आहेत. सूनबाई म्हणाल्या, “आई, एकदा ऊन दाखवा त्यांना, नाहीतर कसर लागेल.” म्हणून गाठोडे सोडते. शुद्धलेखनाची जबाबदारी माझी. मी जुनी मॅट्रिक आहे.

*

नव्वदच्या दशकाच्या आरंभी मुलाची बँकेची बदली सुरतेस झाली आणि त्याच्यामागोमाग आम्ही उभयता उधन्यास आलो. तिसऱ्याच दिवशी मी शेजारच्या जशुबेनांकडे हळदीकुंकवाचे आमंत्रण देण्यास गेले. चहा झाला, मी निघाले. जशुबेन दारात हसून म्हणाल्या, “आवजो.”

यजमानीण ‘या’ म्हणते आणि आपण पाठ फिरवायची, हे आमच्या घराण्यास शोभणारे नव्हते. मी परत आत जाऊन बसले. बिचारीने पुन्हा चहा टाकला. पुन्हा मी निघाले, पुन्हा “आवजो”, पुन्हा मी बसले. तिसऱ्या खेपेस पोटात जागा उरली नाही, तेव्हा मी हात जोडून सांगितले, “आता मात्र मला खरोखरच जाऊ द्या.”

घरी सूनबाईंनी उलगडा केला. गुजरातीत निरोप असाच देतात. ‘आवजो’ म्हणजे पुन्हा कधीतरी या. अर्थात, आता निघा! त्यानंतर कित्येक महिने जशुबेन मला निरोप देताना तोंड घट्ट मिटून नुसता हात हलवीत.

*

जिला स्वतःला निरोप घेता येत नाही, तिने इतरांस शिष्टाचार शिकवावेत, ही कल्पना आमच्या ह्यांना मुळीच पटली नव्हती. परंतु गणेश मंडळाची खोली दुपारी रिकामी असे आणि मीही. फलक रंगवण्याचे काम रमणभाई पेंटरकडे दिले: ‘व्यक्तिमत्त्व विकास व संभाषण वर्ग’.

रमणभाईंचा हात गुजराती अक्षरांना सरावलेला, आणि गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. फलक आला तो बोडक्या अक्षरांचा. मी सांगितले, “भाई, वर रेघ हवी.” दुसऱ्या दिवशी रेघ आली. फलकाच्या अगदी वरच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अक्षरांपासून चार बोटे दूर! दोरीवरून सारे कपडे खाली गळून पडावेत, तसा तो देखावा होता. ‘त्त्व’मधले दोन्ही त मात्र जागच्या जागी होते, म्हणून मी फलक स्वीकारला.

*

वर्गात सहा जणी आल्या. त्यांतल्या सिंधूबाई धुळ्याकडच्या. यजमान लूमवर, आणि स्वतः पर्वत पाटियाच्या एका कारखान्यात बारा वर्षे साड्यांच्या घड्या घालत उभ्या; सकाळची पाळी संपवून वर्गास येत. तिथल्या सुपरवायझर बाई काम सोडून गेल्या होत्या, आणि महिन्याभरात शेठ स्वतः बोलून नवीन बाई नेमणार होते. घडीचे काम सिंधूबाईंइतके कोणाला ठाऊक नव्हते. अडचण एवढीच, की बारा वर्षांत त्या शेठशी एकच शब्द बोलल्या होत्या: “हो.”

“सुपरवायझर व्हावं असं का वाटतं?” मी विचारले.

त्यांनी साडी घोट्यापर्यंत उचलून सुजलेले पाय दाखवले. “बाई, तिले खुर्ची शे. माले ती खुर्ची जोयजे.”

वाक्यात ‘आहे’च्या जागी अहिराणी ‘शे’ होते, तरीही मी त्या दिवशी ते सुधारले नाही.

*

पहिला धडा नजरेचा. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे, असे मी सांगितले. वर्गातल्या मंदाताई या एका शिक्षकाच्या पत्नी. त्यांनी तो संध्याकाळी भाजीवाल्यावर गिरवला. पापणी न हलवता त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्याने वांगी तोलली, पुन्हा तोलली, एक वांगे वर टाकले, मूठभर कोथिंबीर घातली आणि अखेर काकुळतीस येऊन म्हणाला, “बेन, वजन बराबर छे, आम शुं जुओ छो?” म्हणजे, असे काय बघता!

दुसरा धडा स्तुतीचा. रोज घरातील एकाची मनापासून स्तुती करावी. सिंधूबाईंनी रात्रीच्या जेवणात सासूबाईंच्या कळण्याच्या भाकरीची स्तुती केली. सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी सुनेकडे पाहिले, फळीवरच्या बरण्यांकडे पाहिले आणि विचारले, “आज काय फोडं?”

*

तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडून प्रमाद घडला. सराव चालू असता सिंधूबाईंना मी सर्वांसमक्ष म्हटले, “अशा अशुद्ध भाषेत बोललात, तर खुर्ची काय, पाटही मिळणार नाही.” दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. मंदाताईंनी निरोप आणला: “बाईंचं त्यांना खोटं लागलं.”

खोटे? मी मॅट्रिक झाल्यापासून एकही असत्य वाक्य उच्चारलेले नाही! व्याकरणाचे पुस्तक पुराव्यादाखल काखोटीस मारून मी तडक त्यांच्या खोलीवर गेले आणि दारातूनच म्हणाले, “मी काय खोटे बोलले, ते दाखवा.”

सिंधूबाई गोंधळल्या. “खोटं नाही हो बाई. खोटं लागलं.”

“तेच ते!”

सासूबाईंना माझी दया आली असावी. त्यांनी पाट सरकवला आणि समजावले, की सुरतेत ‘खोटं लागलं’ म्हणजे मनाला लागलं. सिंधूबाई रात्री जेवल्या नव्हत्या.

मी पुस्तक पदराखाली घेतले. सर्वांना ‘ऐकावे कसे’ हे शिकवणारी बाई दोन शब्द धड ऐकू शकत नव्हती. मी सिंधूबाईंची क्षमा मागितली. ‘शे’ला त्या दिवसापासून पूर्ण मुभा दिली, आणि वर्गात नवा धडा घातला: समोरचा बोलतो तो शब्द नीट ऐका, आणि त्याच शब्दाला धरून उत्तर द्या.

*

रंगीत तालमीत शेठची भूमिका आमच्या ह्यांनी केली. हे निवृत्त पोस्टमास्तर. दरडावण्याची हौस दांडगी. खुर्चीत रेलून ह्यांनी विचारले, “हे काम तुम्हाला झेपणार नाही, बरोबर ना?”

“हो,” सिंधूबाई म्हणाल्या.

आम्ही सहा वेळा तालीम केली. सहाव्या वेळेस त्यांनी ह्यांच्या डोळ्यांत असे पाहिले, की हेच म्हणाले, “हो.”

*

प्रत्यक्ष भेटीच्या दिवशी सिंधूबाई वर्गात आल्या, त्या खाली मान घालून. शेठने दोन प्रश्न विचारले होते, दोन्हींची उत्तरे त्यांनी नजर न चुकवता दिली होती. तेवढ्यात टेलिफोन वाजला. शेठ बोलण्यात गुंतले आणि रिसीव्हरवर हात ठेवून एवढेच म्हणाले, “सारु बेन, आवजो.”

त्या शब्दाचा अर्थ वर्गात माझ्याइतका कोणाला ठाऊक असणार? मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटले, “पुन्हा कधीतरी.”

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांची जागा रिकामी. मला राहवेना. रिक्षा करून मी पर्वत पाटियाला गेले. कारखान्यात बायका ओळीने उभ्या राहून घड्या घालीत होत्या, आणि टोकाला, खुर्चीत, हातात वही घेऊन सिंधूबाई बसल्या होत्या. पाय खालच्या लाकडी खोक्यावर.

मी बाकावर टेकले. त्यांनी हलक्या आवाजात सर्व सांगितले. सकाळी आठला येऊन त्या खुर्चीत बसल्या. अकराला शेठ आले, थबकले आणि खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, “बेन, अहीं केम बेठां छो?”

सिंधूबाईंनी त्यांच्या डोळ्यांत पाहिले आणि त्यांचाच कालचा शब्द धरला. “शेठ, काले तमे ज कह्युं ने, आवजो.”

शेठने हजेरीची वही त्यांच्यापुढे सरकवली. मग वळून त्यांनी ऑफिसातल्या माणसाला चहा सांगितला, “बेन माटे चा मोकलो.”

बारा वर्षे सुरतेत राहिलेल्या बाईला ‘आवजो’चा अर्थ ठाऊक आहे का, हे मी काय विचारणार? मी उठले, चपला घातल्या, दारापर्यंत गेले. सिंधूबाई खुर्चीतूनच हात जोडून, चेहरा अत्यंत गंभीर ठेवून म्हणाल्या, “आवजो, बाई.”

मी परत आत जाऊन बसले.